साठ गडवे पाणी

बसल्या बाकड्यावरून न उठता मी एका सकाळी सात डॉक्टर विद्यापीठाच्या दारातून परत पाठवले, हे तुम्ही खरं मानणार नाही. नका मानू. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवून आजवर कोणाचं भलं झालेलं नाही, आणि विश्वास ठेवा म्हणून मी कोणाच्या हातापाया पडलेलो नाही.

“सात कुठचे? पाच होते,” तानुबाई म्हणाली. “अन् डॉक्टर त्यातले दोनच. बाकीचे निस्ते एमेस्सी.”

तानुबाईला ही एक खोड आहे. मूर्तिजापूरहून अकोल्याकडे निघालं की डाव्या हाताला विद्यापीठाचा कापसाचा फार्म लागतो, त्याच्या फाटकासमोर तिची टपरी. चहा पातळ करते, पण आकडा कोणाला वाढवू देत नाही. पाण्याचे स्टीलचे पेले तिने कुठून कुठून जमवले आहेत देव जाणे. एकावर ‘चि. कुलदीपच्या बारशानिमित्त’ असं कोरलेलं आहे, दुसऱ्यावर ‘सौ. इंदूबाई’. इंदूबाई कोण, असं विचारलं की ती गॅस मोठा करते.

“दुसऱ्याच्या नावाची भांडी वापरतं, लाज वाटते का?” मी तिला रोज विचारतो.

“नाव धुतल्यानं जात नाही, मी काय करू,” ती रोज सांगते.

माझ्या रुख्मिणीने लग्नात आलेल्या एकूणएक भांड्यावर नाव घालून घेतलं होतं. चाळणीवरसुद्धा. कोरणारा म्हणाला, बाई, चाळणीला आधीच भोकं आहेत, तुमचं नाव कोण वाचणार? म्हणाली, मी वाचीन. ती गेली तेव्हा सगळी भांडी घरात होती, एक सोडून. पण ते राहू द्या. मी डॉक्टरांचं सांगत होतो.

मे महिन्याची सव्वीस तारीख. फार्मवर थेट मुलाखत होती. थेट म्हणजे अर्ज नाही, बोलावणं नाही. कागद घ्यायचे आणि येऊन उभं राहायचं. पद प्रकल्प सहाय्यक, जागा एक, मुदत अकरा महिने. प्रवासखर्च मिळणार नाही. राहायची सोय होणार नाही. प्रकल्प संपला की पद संपलं. पुढे विद्यापीठात नोकरीचा हक्क सांगता येणार नाही. एका जागेसाठी इतके नकार मी सोयरिकीतही ऐकलेले नाहीत. तरी लोक येतात. अमरावतीहून, यवतमाळहून, एकजण तर परभणीहून रात्रभर बसमध्ये उभा राहून आला होता. साडेदहाला फाटकावर देवमन वॉचमनकडे नाव लिहायचं, तो नंबर देतो आणि व्हरांड्यात बसवतो. व्हरांड्यात पंखा एक आणि पाणी नाही. मग ज्याचा नंबर लांब असतो तो रस्ता ओलांडून तानुबाईकडे येतो, आणि तिथे मी असतो.

त्या दिवशी बारा नावं लागली होती. दहावं नाव माझ्या मुलीचं. माया.

मायाचं वय पाच दिवसांनी चाळीस पूर्ण होत होतं. बायांना चाळीसपर्यंत सवलत आहे, आणि वय धरतात ते मुलाखतीच्या तारखेचं. म्हणजे एकतीस तारखेनंतर तिने कुठल्याच व्हरांड्यात बसायचं कारण उरणार नव्हतं. तिच्या बावीस मुलाखती झालेल्या होत्या, ही तेविसावी आणि शेवटची. ती डॉक्टर झाली चौतिसाव्या वर्षी. आता अमरावतीच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवते, सुट्ट्या लागल्या की तासिकाही नाही.

“तू येऊ नको, बाबा,” ती आदल्या दिवशी फोनवर म्हणाली होती. “त्यायनं तुले पाह्यलं की मंग पुन्हा ते जुनं निघते.”

“मी काहून येतो? मले काय काम नाही का?” मी म्हणालो. आणि सकाळी आठला फाटकाकडे पाठ करून बाकड्यावर येऊन बसलो. माझं गाव फार्मच्या मागेच आहे. चालत पंधरा मिनिटं. एकतीस वर्षं मी ती पायवाट तुडवली. एकोणतीस वर्षं रोजंदार, शेवटची दोन वर्षं कायम. कायम झाल्याचा कागद आला तेव्हा डोळ्यात मोतीबिंदू होता, तो कागद मला मायाने वाचून दाखवला.

तर, अकरा जण माझ्या मुलीच्या वाटेत होते आणि त्यातले जेवढे तहानलेले, तेवढे माझे.

पहिला विपुल नावाचा. अकोल्याचा, जठारपेठेतला. शर्टाची इस्त्री अशी की बसायला घाबरत होता. “काका, आत काय विचारतात?” म्हणाला.

“विचारत काई नाही. सातबारा पाह्यतात.”

“कशाचा सातबारा?”

“घरच्या वावराचा. कापूस लिहिलेला पाह्यजे. कापसावर संशोधन करनार, अन् घरी कापूस नाही, असं कसं चालन?”

“जाहिरातीत तर नव्हतं.”

“आत पाणी भेटणार नाही, हे जाहिरातीत होतं का? भेटलं का?”

त्याने थोडा विचार केला आणि वडिलांना फोन लावत गाडीकडे गेला. यात माझं कसब काही नाही. विद्यापीठाच्या नावावर कितीही वेडगळ कागद मागा, पोरं खरं मानतात. दहा वर्षं त्यांना तेच शिकवलेलं असतं.

दुसरा अनुप. तिवशाचा, डॉक्टर, घामाघूम. त्याला मी साप न भिण्याचा दाखला मागितला, सरकारी डॉक्टरच्या सहीचा. गेल्या प्रकल्पातला सहाय्यक साप चावून मेला, तरी सहा महिने त्याची हजेरी लागत होती, म्हणून आता हा नियम, असं सांगितलं. तो मूर्तिजापूरच्या सरकारी दवाखान्याकडे निघाला. तिथे कागद फक्त बारापर्यंत करतात, हेही मी त्याला सांगितलं. उपकार करायचे तर पुरते करावेत.

उरलेल्या तिघांसाठी डोकं चालवावं लागलं नाही. “नाव आधीच लिहून ठेवलेलं असते, बाप्पा,” एवढंच म्हणालो. एकाने तर चहा अर्धा टाकला. ती माणसं घरून निघतानाच परतलेली होती, मी फक्त बस दाखवली.

“पाप लागन,” तानुबाई म्हणाली.

“लागू दे. मले जागा पाह्यजे, पुण्य नाही.”

मग ती पोरगी आली.

“आजोबा, सरका तिकडं,” म्हणाली आणि मी सरकायच्या आत बसली. पंचवीस-सव्वीसची असेल. चपलांना काळी माती वाळून बसलेली. फाइल काखेत अशी धरलेली, जसा विळा धरावा.

“कोन्या गावची?”

“नांदगाव खंडेश्वर.”

“नाव?”

“प्राजक्ता. नंबर अकरा. आजून काई? तुमी आत बसले असते तं बरं झालं असतं, इथंच मुलाखत आटपली असती.”

तानुबाईने तिला इंदूबाईच्या पेल्यात पाणी दिलं. तिने नाव वाचलं, काही विचारलं नाही, पाणी पिऊन पेला बाकड्यावर ठेवला.

“सातबारा आनला का?” मी सुरुवात केली.

“त्या इस्त्रीवाल्याले तुमीच पाठवलं का?” ती म्हणाली. “मले फाटकात भेटलं. म्हने तू बी जाय. मे महिन्यात तलाठी घरी भेटत नाही, अन् हे सातबाऱ्यावर कापूस लिहून आनते. येडं झालं ते.”

तानुबाई पदर तोंडाला लावून हसली. माझा पारा चढला.

“सापाचा दाखला?”

“म्या चपलीनं साप मारला हाये. दाखला कोन देइन, साप?”

“जागा ठरलेली हाये, पोरी.”

“असन ठरलेली. माहं तोंड तं पाह्यतीन. घरी तोंड लपवून बसाले म्या काय गुन्हा केला?” मग जरा आवाज खाली आणून म्हणाली, “घरचे म्हनतात आता बस झालं. ही सातवी मुलाखत हाये. तुमी कितीबी डोकं खाल्लं तरी मी आत जानार. तुमचा चहा थंडा होऊन राहिला, तो प्या.”

अशी माणसं मला आवडत नाहीत. मी चहा प्यायलो नाही. फाटकातून देवमन ओरडला, “नऊ नंबर.” म्हणजे पुढची माया. बारा नंबरवाला मी मघाशीच बसला लावलेला, तेव्हा ही विळ्यासारखी पोरगी मायाच्या मागोमाग आत जाणार, शेवटची, आणि शेवटचा माणूस लक्षात राहतो. मी माझी सगळ्यात मोठी गोष्ट काढली. ही मी चौदा वर्षांत फार वेळा सांगितली आहे, आणि ती ऐकून फाइल न उचललेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

“मंग आयक,” मी म्हणालो. “चौदा वर्षांमांगं याच फार्मवर, याच कामावर एक पोरगी लागली होती.”

“नाव काय तिचं?”

“नावाचं काय करतं? आयक.”

कोरडवाहू पऱ्हाटीची चाचणी होती. कापसाचे बारा वाण, बारा तुकड्यांत पेरलेले. पाणी द्यायचं नाही. पावसाने दडी मारली तर कुठला वाण तग धरतो, कुठला मरतो, हे पाहायचं. प्रत्येक तुकड्यात पाच झाडं निवडून त्यांना चिठ्ठी बांधायची, आणि त्याच पाचांची उंची मोजायची, पात्या, म्हणजे कळ्या, मोजायच्या, बोंडं मोजायची. सगळ्या तुकड्याचा निकाल त्या पाचांवर.

“ते माहीत हाये मले,” प्राजक्ता म्हणाली. “झाडं निवडाची ते डोये मिटून निवडाची.”

“हो. बारा पंचे साठ झाडं. अन् त्या वर्षी पाऊस असा गेला की बेचाळीस दिवस थेंब नाही.”

“चोवीस,” तानुबाई म्हणाली.

“चोवीस. ठीक हाये. पन तवा तं तू इथं टपरी टाकली नव्हती, तुले काय माहीत?”

“वावर तं होतं ना माहं.”

ती पोरगी रोज नऊला सायकलवरून यायची. वही काढायची, चिठ्ठीच्या झाडाजवळ उकिडवी बसायची आणि गळालेल्या पात्या मोजायची. झाडं मरताना मोजणं, हेच तिचं काम होतं. मोजता मोजता कधी डोळे पुसायची. ऊन असेल. पान दुपारी मान टाकायचं, आणि ती त्याच्यापुढे अशी बसायची, जशी आजाऱ्याच्या उशाशी बसावी.

“येवढी कच्ची होती तं कशाले आली संशोधनात?” प्राजक्ता म्हणाली.

“कच्ची नव्हती,” मी म्हणालो. जरा जोरात म्हणालो असेन. तानुबाईने वर पाहिलं.

मग काय झालं, तर एका आठवड्यात ती साठ झाडं उठून उभी राहिली. बाकी सगळं वावर वाळून काथ्या झालेलं, आणि त्यात प्रत्येक तुकड्यात पाच-पाच झाडं हिरवीगार, मयतीला आलेल्या नवरदेवांसारखी. वाकून पाहायची गरज नाही, धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून दिसायची. भुसावळ पॅसेंजरमधले लोक खिडकीतून हात दाखवून मोजायचे. फार्मवरची पाखरं दुसरीकडे बसेनात. एकेका झाडावर चाळीस-चाळीस.

“पऱ्हाटीवर चाळीस पाखरं,” प्राजक्ता म्हणाली.

“वीस धर.”

“धरते. पुढं.”

पुढे दिल्लीहून कमिटी आली. तिघे जण, त्यातला एक जाडा. तो धुऱ्यावर उभा राहिला, पाहिलं आणि हसायला लागला. मग उतरून आला, चिठ्ठीच्या एका झाडाशी बसला, बुडाशी बोट खुपसलं. बोट ओलं निघालं. शेजारच्या झाडाशी खुपसलं. कोरडं. त्याने ते ओलं बोट आमच्या साहेबांपुढे धरलं. “खुशालरावजी,” म्हणाला, “ये सूखे की जाँच है या शादी की?”

“खुशालराव कोन?”

“इथला मोठा साहेब. त्याचीच चाचणी होती.” तो गेल्या वर्षी वारला. मी मयतीला गेलो होतो, खात्री करायला.

“मंग पाणी कोनं टाकलं?”

“खुशालरावानंच. आजून कोन टाकन? त्याले आपला वाण पास करून घ्यायचा होता.”

प्राजक्ताने कपाळाला आठ्या घातल्या. “त्याचा वाण किती तुकड्यात होता?”

“एका.”

“अन् पाणी बारा बी तुकड्यात टाकलं?”

“बारा बी.”

“मंग त्याचा वाण पास कसा होईन? सगळेच पास होतीन. आपला वाण पुढं काढाचा तं एकट्या त्यालेच पाणी टाकलं असतं ना.”

चौदा वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. जे पळून जायला टेकलेले असतात ते हिशेब तपासत नाहीत.

“साहेब लोकाईच्या डोक्यात काय असते, आपल्याले काय माहीत,” मी म्हणालो. “पन टाकलं त्यानंच. रोज सकाळी साडेसहाले. टाक्यातून बकेट भरे, अन् गडव्यानं टाके. एका झाडाले एक गडवा.”

गडवा म्हणजे तुमच्याकडचा तांब्या. मी हाताने दाखवलं. बुडाशी टाकायचं, हळू, दोन दमात, म्हणजे माती वाहत नाही. पान भिजू द्यायचं नाही, पान भिजलं की उन्हात डाग पडतो आणि मोजणाऱ्याला कळतं. मग वरून कोरडी माती पसरायची, तळहाताने. शेवटचं झाड होईपर्यंत साडेसात होतात. मी सांगत होतो आणि प्राजक्ता माझ्या तोंडाकडे न पाहता हाताकडे पाहत होती. मी हात मांडीवर ठेवला.

“दहा नंबर,” देवमनने हाक दिली.

मी मागे वळून पाहिलं नाही. आत माया उठली असेल, ओढणी नीट केली असेल, फाइल दोन्ही हातांत घेतली असेल. ती फाइल मी पाहिलेली आहे. तिच्यात सगळं आहे, एक कागद सोडून.

“चौकशी झाली मंग?” प्राजक्ताने विचारलं.

“झाली. खुशालरावानं कमिटीसमोर सगळ्याईले रांगेत उभं केलं. मजुराईले, मुकादमाले, सगळ्याईले. पहिलं तिलेच विचारलं, निरीक्षणं तुह्या वहीत हायेत, पाणी कोन टाके सांग. ती म्हने, निरीक्षणं माह्यावाली, जबाबदारी माह्यावाली. बस. दुसरं बोललीच नाही. दुसऱ्या दिवशी काढून टाकलं. दोन वर्षं उन्हात काढले, पन अनुभवाचं प्रमाणपत्र दिलं नाही. आता कुठंबी मुलाखतीले जाय, पह्यला प्रश्न हाच, ते दोन वर्षं कुठं गेले बाई? तिच्यासंगचे इथं साहेब झाले. ती तासिकेवर शिकवते. हे अशे लोक हायेत आत. हे अशी जागा हाये. तुले पाह्यजे का?”

इथे फाइल उचलायची असते. प्राजक्ताने उचलली नाही.

“गडवा भेटला का?” तिने विचारलं.

“कोनता गडवा?”

“ज्यानं पाणी टाके तो. टाक्यापाशी भेटला असन ना.”

“नाही भेटला. धुऱ्यावरच ठेवलेला होता. कमिटी आली त्या दिवशी गडबडीत राह्यला, मांगून पाह्यला तं गेलेला. लय हुडकला.”

“कोनं हुडकला?”

“कोनं म्हंजे? सगळ्यानं.”

तिने चहाचा ग्लास उचलला, ढवळला, पुन्हा ठेवला. “आजोबा, तो खुशालराव राहे कुठं?”

“अकोल्याले. बंगल्यात.”

“अन् फार्मवर कितीले ये?”

“दहाले. साडेदहाले.”

“अन् पोरगी नऊले ये.”

“हो.”

“मंग साडेसहाले फार्मवर कोन राहे?”

रस्त्यावरून कापसाच्या गाठींचा एक ट्रक गेला. तो पार पुढे जाऊन आवाज मिटला तरी मी त्याच्याकडेच पाहत होतो.

“मजूर राहत,” तानुबाईने उत्तर दिलं. तिने गॅस बंद केला होता.

“तुले कोनं विचारलं?” मी म्हणालो.

“आकडा जुळत नाही,” तानुबाई म्हणाली, “म्हनून बोलली.”

प्राजक्ता आता माझ्याकडे सरळ वळून बसली. तिच्या बोलण्यात चेष्टा राहिली नव्हती. “अन् आजून एक सांगा. साहेबानं टाकलं तं तिनं साहेबाचं नाव काहून नाही घेतलं? कमिटी समोर होती. नाव घेतलं असतं तं ती सुटत होती. नोकरी घालवून ती कोनाले वाचवून राहिली होती?”

“भली होती पोरगी,” मी म्हणालो.

“तितकं भलं कोनी साहेबासाठी नसते.”

हिला मी सातबारा मागितला होता, याचं मला तेव्हा हसू आलं, पण ते बाहेर आलं नाही. मी तिला सांगू शकलो असतो की त्या वर्षी कायम करायच्या मजुरांची यादी लागायची होती. एकोणतीस वर्षांनी लागायची होती. नाव निघालं असतं तर यादीतून गेलं असतं, कामावरूनही गेलं असतं. पण हे सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. मी तिला हेही सांगू शकलो असतो की चिठ्ठी बांधलेली झाडं म्हणजे तिचीच झाडं, ती जगली की तिचं नाव होईल, असं एखाद्या अडाण्याला वाटू शकतं. कोरडवाहूची चाचणी म्हणजे झाड मरायलाच लावलेलं असतं, हे एकोणतीस वर्षं खुरपं चालवूनही त्याला कोणी सांगितलेलं नसतं. पोरगी रडते आहे आणि टाकं भरलेलं आहे, एवढंच त्याला दिसतं.



“अकरा नंबर,” देवमन ओरडला.

प्राजक्ता जागची हलली नाही. ती माझ्या खांद्यावरून मागे पाहत होती.

“आज बी तेच विचारलं त्यायनं,” माझ्या पाठीमागून आवाज आला.

तो आवाज ओळखायला मला वळावं लागत नाही. माया बाकड्याच्या त्या टोकाला येऊन बसली. फाइल मांडीवर. उन्हाने चेहरा लाल झाला होता. ती किती वेळची मागे उभी होती, कोणास ठाऊक. आत तिला दहा मिनिटंही लागली नव्हती.

“तुले म्हटलं होतं येऊ नको,” ती म्हणाली.

“काय विचारलं?”

“पाणी कोनं टाकलं. तवाचा एक जण हाये पॅनेलवर. चौदा वर्षं झाले, आता तं सांगून टाका मॅडम, म्हने. सांगितलं तं ते दोन वर्षं धरता येतीन.”

“मंग?”

“मंग काय. माहीत नाही म्हटलं.”

तानुबाईने चहाचं पातेलं उगाच या शेगडीवरून त्या शेगडीवर ठेवलं. फाटकातून देवमनने पुन्हा एकदा अकरा नंबर पुकारला, या वेळी चिडून. प्राजक्ता उठली. फाइल काखेत घेतली, दोन पावलं गेली आणि थांबली.

“मॅडम, आत काय काय विचारतात?”

“पाच झाडं कशी निवडशीन, हे विचारतीन,” माया म्हणाली. “डोये मिटून, म्हन. अन् पुढं शेजारचं बी एक मोजीन म्हन. चिठ्ठी नसलेलं, म्हंजे फरक दिसते. ते कोनी सांगत नाही.”

प्राजक्ताने मान हलवली. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ओरडेल. ती ओरडली नाही. वॉचमनला नंबर सांगावा तशी म्हणाली.

“म्हंजे पाणी तुमीच टाकलं, आजोबा.”

“खुशालरावानं…” मी म्हणालो. तोंडाला सवय असते.

मायाने बाकड्यावरचा पेला उचलला. जगमधून पाणी ओतून घेतलं, सगळं पिऊन टाकलं. मग रिकामा पेला हातात फिरवत राहिली आणि इंदूबाईच्या नावावरून अंगठा फिरवला.

“गडव्यावर आईचं नाव होतं, बाबा.”